शोभाबाईंच्या फळीवरची पुरणयंत्रं

दसऱ्याच्या तोंडावर पुणं सोडून वऱ्हाडात कशाला निघालात, असं मला सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. मी सांगितलं, अमरावतीला मैत्रीण आहे. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की मला आमच्या टेकडीपासून लांब पळायचं होतं.

आमचा टेकडीचा गट आहे. पंचवीसेक माणसं दर रविवारी सकाळी पाण्याचे कॅन घेऊन चढतात आणि लावलेली झाडं जगवतात. कुणाला पगार नाही, कुणावर सक्ती नाही. चार वर्षं छान चाललं. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की प्रत्येक झाडाला आपापल्या माणसाच्या नावाची पाटी लावू या. पाट्या लागल्या आणि जो तो आपल्या आईच्या, आजोबांच्या नाहीतर नातीच्या झाडाला पाणी घालून खाली उतरू लागला. बिनपाटीची झाडं उन्हाळ्यात वाळली. मी गटाची चिटणीस, म्हणून सभेत हा विषय काढला. त्यावर कुलकर्णी उठून म्हणाले, "ज्याचं झाड, त्याने जगवावं. सरळ हिशोब आहे." कुलकर्णी निवृत्त इंजिनिअर. मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे दुसरं कुणी सरळ हिशोब सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. घरी येऊन मी राजीनामा लिहिला, फोनमध्ये ठेवला आणि तिकीट काढलं.

माणूस मुळातच आपमतलबी असतो आणि अशा माणसांचं मंडळ काढणं हा शुद्ध वेडेपणा, असं माझं तेव्हा ठाम मत झालं होतं. हे मत, दोन साड्या, दोन सलवार-कमीज आणि गुडघ्यासाठी घेतलेली वेताची काठी, एवढ्या सामानानिशी मी निघाले. शेगावला खिडकीतून कचोरी घेतली. तिच्याइतकी समजूतदार गोष्ट मला त्या आठवड्यात दुसरी भेटली नव्हती.

अमरावती

विनया माझी वसतिगृहातली मैत्रीण. ती कायदा शिकली, अमरावतीला परतली आणि चाळीस वर्षं तिथे वकिली करते आहे. बडनेरा स्टेशनवर ती मला घ्यायला स्कूटरवर आली. साठी उलटली तरी ती स्कूटर सोडत नाही आणि चालवते वकिलाच्या खात्रीने, म्हणजे चूक कायम समोरच्याची. बॅग पुढे, मी मागे, काठी माझ्या काखेत भाल्यासारखी, अशी आमची वरात अंबादेवीच्या गर्दीतून गेली. नवरात्रातली सप्तमी होती. देवळाच्या वाटेवर ओट्या, बांगड्या, प्रसादाच्या रेवड्या आणि दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीगच्या ढीग. आमच्याकडे झेंडू पावशेरावर विकतात, इथे गोणपाटावर ओतून ठेवला होता.

दर्शन होताच विनयाने मला गिला वडा खायला नेलं. वडा भिजवलेला, त्यावर दही, त्यावर हिरवी चटणी, आणि त्यावर माझ्या डोळ्यांतलं पाणी. मी एक संपवून प्लेट खाली ठेवली, तर वडेवाल्याने तीत दुसरा घातला.

"नको, पुरे," मी म्हणाले.

"एका वड्यानं काय होते बाई?" तो म्हणाला. "पुण्यावरून येवढ्या दूर एका वड्यासाठी आल्या काय तुमी?"

पुण्यात पाहुण्याला 'अजून घेणार का?' असं एकदा विचारतात आणि 'नको' हे उत्तर तत्परतेने मान्य करतात. अमरावतीत 'नको' हा शब्द ऐकूच येत नसावा. विनयाच्या घरी मी ताटावर हात आडवा धरला, तर तिच्या जाऊबाईंनी पातोडीचा रस्सा माझ्या हाताला वळसा घालून बरोबर वाटीत सोडला. त्यांचं बोलणं पहिल्यांदा मला भांडणासारखं वाटलं. "काहून जेवून नाई राहिल्या?" असं त्या दरडावून विचारत होत्या आणि तोंडभर हसत होत्या. दुसऱ्या दिवशी माझा कान सरावला.

जेवताना मी टेकडीची कहाणी सांगितली. विनयाने ऐकून घेतली आणि म्हणाली, "उद्या माझ्यासोबत बाळापूरला चल. तिथे एक मंडळ आहे, ते बघ, आणि मग दे राजीनामा."

बाळापूरजवळ शोभाबाई आपल्या शेतात राहतात. त्यांचे यजमान गेल्यावर दिराने त्यांचा हिस्सा दाबून ठेवला होता. विनयाने तो खटला लढवला, जिंकला, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला तिला शोभाबाईंच्या शेतावर जेवायला जावंच लागतं. यंदा शोभाबाईंनी पहिल्यांदाच आपल्या हिश्श्यात सगळा झेंडू लावला होता. एकटी बाई शेत काय करणार, हे दिराचं पालुपद चालूच होतं. पीक बाजारात वेळेवर पोचलं नाही तर जमीन त्यालाच बटईने, म्हणजे वाट्यावर, कसायला द्यायची, असं शोभाबाईंनी सगळ्यांसमोर कबूल करून ठेवलं होतं.

"आणि दसरा झाल्यावर झेंडूला कोण विचारतं?" विनया म्हणाली. "तिच्याजवळ एक सकाळ आहे. नवमीची."

बाळापूरच्या वाटेवर

अष्टमीला आम्ही एसटीने अकोल्याला आणि तिथून बाळापूरला गेलो. दोन्ही बाजूंना काळी माती, कपाशी कमरेएवढी, सोयाबीन काढून झालेली रिकामी शेतं. अकोल्याच्या स्टँडवर मी काठी बाकावर विसरले. एक बाई ती घेऊन सुटत्या एसटीमागे धावल्या आणि खिडकीतून माझ्या हातात देताना म्हणाल्या, "काठी विसरली म्हंजे पाय बरा हाये तुमचा. उगाच कायले वागवता?" उपकारही केला आणि निदानही.

बाळापूरचा किल्ला आम्ही खालूनच पाहिला. विनया म्हणाली, वरून नद्यांचा संगम सुरेख दिसतो. मी म्हणाले, परतताना बघू. परतताना काय झालं ते पुढे येईलच, पण किल्ला बघायचा राहिला तो राहिलाच.

शोभाबाईंचं घर शेताच्या कडेलाच, दोन खोल्यांचं. अंगणात उभं राहिलं की समोर अर्धा एकर झेंडू, पिवळा आणि केशरी, एवढा दाट की हिरवं शोधावं लागे. मी नुसती बघत राहिले. शोभाबाई पन्नाशीच्या, सडपातळ, कपाळावर मोठं कुंकू. "या ताई, वावर पाहाले आल्या नं? पाहून घ्या. उद्या दुपारी काईच नाई दिसनार," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मंडळाची रीत त्यांनी मला चहाबरोबर सांगितली. फुलवाल्या पाच घरांच्या पाच बायका. घटस्थापनेला पाच चिठ्ठ्या टाकतात. पंचमीपासून नवमीपर्यंत रोज एकीच्या शेतात बाकी चौघी फुलं तोडायला जातात. मजुरी नाही. जिची पाळी तिने चौघींना जेवू घालायचं. याला सावड म्हणतात, आणि सावडीचा एक कडक नियम आहे: जिचं शेत तिने त्या दिवशी स्वतः फूल तोडायचं नाही.

"हे का?" मी विचारलं.

"मालकीन वावरात शिरली का तिले घाई सुटते," शोभाबाई म्हणाल्या. "कळ्याबी तोडते, अन् बाकीच्यांच्या डोक्यावर उभी राह्यते. मंग बाया म्हनते, हिचा आपल्यावर भरोसा नाई."

यंदा शेवटची चिठ्ठी शोभाबाईंची निघाली होती. नवमीचा दिवस सगळ्यांत चांगला, कारण त्या दिवशी अख्खा अकोला झेंडू विकत घेतो. माझ्यातली गणिताची बाई मात्र लगेच जागी झाली. अष्टमीची तोडणी सकाळीच आटोपली होती, म्हणजे बाकी चौघींची शेतं तर तोडून झाली. मग पाचवीकडे त्या कशाला येतील? मी हे विनयाला कानात विचारलं. ती म्हणाली, "ते उद्या कळेल." वकील लोकांना महत्त्वाची गोष्ट वेळेवर सांगता येत नाही.

दुपार कलताना शोभाबाई आणि विनया टेम्पोवाल्याशी वेळ पक्की करायला आणि रोडग्यांसाठी, म्हणजे निखाऱ्यांत भाजायच्या कणकेच्या गोळ्यांसाठी, गोवऱ्या आणायला गेल्या. मी घरी थांबले. आतल्या खोलीत एका फळीवर तीन पुरणयंत्रं ओळीने मांडली होती. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची सुतळी. शेजारी एक प्रेशर कुकर. उद्याच्या जेवणासाठी मागून आणलं असेल, असं मी समजले.

मला थोडं झाडून काढावंसं वाटलं. तेवढ्यात दारात एक बाई आली. गोरी, ठसठशीत, बोलायला घाईची. ती कमल, शोभाबाईंच्या मंडळातलीच.

"ताई, माहे पाहुने अवचित आले. ते माहं पुरनयंत्र द्या बरं. लाल सुतळीचं."

मी दिलं. वर चहा दिला. परक्याची वस्तू मागायला येण्याआधी परत करावी, निदान मागितल्यावर तरी करावी, हे आम्हां पुणेकरांच्या रक्तातच आहे. आमच्या सोसायटीत कुणाचा डबा कुणाकडे राहिला तर त्यावर तीन वर्षं बोलतात.

पंधरा मिनिटांत वंदना आली, मंडळातली सगळ्यांत लहान. "कमलताईचं देल्लं म्हने. मंग माहं काहून ठिवता?" तिलाही दिलं, चहाही दिला. मग रुखमाबाई आल्या, सत्तरीला टेकलेल्या, नऊ दिवसांचा कडक उपवास धरलेल्या. म्हणाल्या, "साऱ्याइनं नेलं त माहं एकटं इथं काय पहारा देईन? द्या मलेबी." शेवटी शहनाजबी कुकर न्यायला आल्या. "मेरी बेटी आयी हाये माहेरले. तिले बिर्याणी लावाची. और मैं कबसे बोल रही, पुरनयंत्र नाई माह्याकडे त कुकर ठिवते."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी चहाचा चौथा कप गाळण्यात दंग होते.

फळी स्वच्छ झाली. मी तीवर ओला फडका फिरवला आणि समाधानाने अंगणात बसले.

शोभाबाई गोवऱ्यांची पाटी उतरवून आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. "फळी रिकामी काहून दिसते?"

"सगळ्यांचं सगळं परत केलं," मी म्हणाले. "चहासुद्धा पाजला."

शोभाबाई पायरीवर बसल्या. विनयाने डोक्याला हात लावला. "वसू, अगं ते तारण होतं!"

आणि मग तिने मला ती महत्त्वाची गोष्ट सांगितली, जी तिने दुपारीच सांगायला हवी होती. पूर्वी एका वर्षी शेवटची चिठ्ठी निघालेल्या बाईकडे कुणीच गेलं नाही. प्रत्येकीचं आपलं काम झालेलं, घरी दसऱ्याची धांदल. तिचा झेंडू झाडावरच सुकला आणि सावड मोडली. पुढे पुन्हा जमल्या तेव्हा रुखमाबाईंनी तोड काढली: आपलं शेत तोडून झालं की त्याच दुपारी प्रत्येकीने आपलं पुरणयंत्र शेवटच्या चिठ्ठीवालीकडे ठेवायचं. दसऱ्याला पुरण सगळ्यांच्याच घरी. नवमीला फुलं तोडा आणि आपलं पुरणयंत्र घेऊन जा. शहनाजबींकडे पुरण नसतं, म्हणून त्यांचा कुकर.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मी आत्ता जाते," मी म्हणाले, "चौघींकडून परत घेऊन येते."

"नाई," शोभाबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण पाटीच्या काठावर त्यांची बोटं घट्ट आवळलेली होती. "गेलेली वस्तू मांगाची नाई. मांगाले गेलो म्हंजे त्याइले समजन का मले भेव वाटून राहिलं."

वर आणखी एक बातमी विनया बाजारातून घेऊन आली होती. एका हारवाल्याची जीप नवमीला पहाटे येणार होती. अकोल्याला हार गुंफायला बायका हव्या होत्या, रोजी एरवीपेक्षा जास्त. वंदनाने नाव दिलंय असं ऐकलं. शोभाबाई एवढंच म्हणाल्या, "तिच्या मनात आलं त जाईन."

मी वीस वेळा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ताई, तुमी वांगे चिरून द्या."

नवमी

पहाटेच आम्ही उठलो. शोभाबाईंनी गोवऱ्या रचल्या, सगळ्या मंडळींच्या हिशेबाने जाड कणीक मळली, वांग्याच्या भाजीचा मसाला वाटला. उजाडलं. मंडळाची वेळ सूर्योदयाची. टेम्पो अकराला येणार. बांधावर मी, विनया आणि एक कावळा.

साडेसहा झाले. सात झाले. कुणी नाही.

"आपण सुरू करू," मी म्हणाले आणि विनयाला घेऊन शेतात शिरले. झेंडूचं फूल देठाजवळ अंगठ्याच्या नखाने तोडायचं असतं. ऐकायला सोपं. मी दहा फुलांमागे दोन कळ्या आणि एक आख्खी फांदी तोडत होते. विनया प्रत्येक फुलाकडे साक्षीदाराकडे पाहावं तशी पाहत होती. अर्ध्या तासात आमचं एक क्रेटसुद्धा भरलं नाही. हात हिरवे-काळे आणि कडवट वासाचे झाले.

शोभाबाई बांधावर उभ्या होत्या. तोडणीत त्यांचा हात आमच्या दहापट चालत असणार. मी ओरडले, "अहो, नियम राहू द्या आज! या की!"

त्यांनी मान हलवली. "मी तोडाले लागली त सावड मोडली समजा. बाया आल्या अन् मले वावरात पाह्यलं त त्याइले काय वाटन?"

"पण त्या आल्याच नाहीत तर?"

"येतीन," त्या म्हणाल्या आणि रोडगे वळायला गेल्या.

साडेसातला मोटरसायकलचा आवाज आला. दीर. बांधापाशी थांबला, फुलांनी भरलेलं शेत पाहिलं, आम्हां दोन म्हाताऱ्यांना पाहिलं.

"वहिनी, कोनी नाई आलं काय?"

"येतीन," शोभाबाई गोवऱ्यांच्या धुरातून म्हणाल्या.

"म्या त तेव्हाच म्हनलं होतं," तो म्हणाला आणि निघून गेला. मला त्याच्या पाठीत क्रेट घालावंसं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू येत होतं. एका बाईने दहा वर्षं भांडून मिळवलेली जमीन माझ्या चार कप चहांनी घालवली होती.

पावणेआठला रस्त्यावर ऑटो दिसला. आधी हिरवी ओढणी, मग लाल पदर, मग रुखमाबाईंचं पांढरं डोकं. शहनाजबी, कमल, रुखमाबाई. आणि मागे सायकलवर एक अवघडलेला माणूस.

"सॉरी वं शोभाबाई!" कमल लांबूनच ओरडली. "पुरनयंत्र हाती आलं, म्हनलं पुरन पहाटेच वाटून ठिवावं. म्हंजे आज संध्याकाळपर्यंत मोकळ्या. माहं वाटलं, मंग रुखमाबाईचं वाटलं, त्याइचे हात दुखते. त्यात टाइम झाला."

"और ये लो," शहनाजबींनी ऑटोतून कुकर काढला. "बिर्याणी हाये त्यात. तुमी उपासवाल्या नाई न ताई?"

तो अवघडलेला माणूस वंदनाचा नवरा. वंदना पहाटे जीपमध्ये बसून अकोल्याला गेली होती आणि जाताना त्याला सांगून गेली होती, 'माह्याबदली तुमी जा.' बिचारा ट्रॅक्टर चालवणारा. फुलं निंदणी केल्यासारखी तोडत होता. रुखमाबाईंनी त्याला दोनदा रागावून क्रेट उचलायच्या कामाला लावलं, तिथे तो सोन्यासारखा उपयोगी पडला.

आणि मग मी तोडणी पाहिली. तीन बायका, सहा हात, सरीत वाकून पुढे सरकत जातात आणि मागे फक्त हिरवं उरतं. तोंड अखंड चालू. कोण कुणाच्या सुनेला काय म्हणाली, कुणाच्या म्हशीने काय केलं. शोभाबाई बांध ओलांडून एकदाही आत आल्या नाहीत. फक्त पाणी आणून देत होत्या, आणि एकदा धूर नसतानाही पदराने डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं.

मला राहवेना. सरीत शेजारी वाकून मी एकेकीला विचारलं, "तुम्हाला यायलाच हवं असं काही नव्हतं. तारण तर मी देऊन टाकलं होतं. मग का आलात?"

कमल म्हणाली, "घरी पाहुने हाये. घरी राह्यली असती त दिवसभर चहा करत बसली असती. इथं बरं हाये."

शहनाजबी म्हणाल्या, "शोभा के रोडगे साल में एक बार मिळते."

रुखमाबाई कंबर सरळ करून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "पुढच्या साली शेवटची चिठ्ठी माही निंगाली त? मंग माह्या वावरात कोन येईन, तुमी?"

कुणीही 'शोभाबाईंसाठी' असं म्हणालं नाही. तिघींनीही आपापला मतलब सांगितला, आणि तिघींच्याही हातांनी शोभाबाईंचं शेत रिकामं होत होतं. मला हसू आलं आणि मग एकदम माझा बहावा आठवला.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. टेकडीवर एका बहाव्याला माझ्या यजमानांच्या नावाची पाटी आहे. सभेत मी बिनपाटीच्या झाडांवर भाषण ठोकलं, पण दर बुधवारी, कुणी नसताना, एक जादा कॅन घेऊन मी चढत होते आणि तो सगळा बहाव्याला घालत होते. त्या उन्हाळ्यात तो एवढा तरारला की कुलकर्णींनी त्याचं कौतुक केलं. मी म्हणाले, जमीन चांगली आहे तिथली.

अकराला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं क्रेट टेम्पोत चढलं. टेम्पो वळणावर जाताना दीर रस्त्याच्या कडेला थांबून त्याला वाट देत होता. शोभाबाईंनी त्याला हाक मारली, "भाऊजी, या जेवाले! रोडगे हाये!" आणि तो आलाही. तीन रोडगे खाल्ले. वऱ्हाडात भांडणाचा आणि जेवणाचा संबंध लावत नाहीत.

निखाऱ्यांतून काढलेला रोडगा फोडून त्यावर तूप ओततात, तुपात तो बुडाला तरी हात थांबत नाही. सोबत वांग्याची भाजी, वरण, आणि कुकरातली बिर्याणी. रुखमाबाईंसाठी वेगळी भगर होती, ती त्यांनी आमच्या ताटांकडे बघत खाल्ली. जेवताना वंदनाचा विषय निघालाच. मला वाटलं, आता तिला मंडळातून काढणार.

"काढाचं कायले?" रुखमाबाई म्हणाल्या. "नवरा धाडला नं तिनं. पन पुढच्या साली तिचं पुरनयंत्रबी ठिवू अन् पोळपाटबी."

वंदनाच्या नवऱ्याने मान खाली घालून चौथा रोडगा घेतला.

दसरा

सकाळी निघताना शोभाबाईंनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, झेंडूची पिशवी दिली, आणि मी कोपऱ्यातली काठी घ्यायला वळले, तर ती तिथे नव्हती. ती फळीवर आडवी ठेवलेली होती. तिला निळी सुतळी बांधलेली होती.

"ही राहू द्या इथं," त्या म्हणाल्या. "पुढच्या दसऱ्याले फुलं तोडाले या अन् घेऊन जा."

"शोभाबाई, मला टेकडी चढायला लागते ती!"

"म्हूनच तं," त्या म्हणाल्या. "जे लागत नाई ते ठिवून काय फायदा?"

विनया हसत सुटली. मी काठीशिवाय एसटीपर्यंत गेले, आणि किल्ला चढणं अर्थातच रद्द झालं.

पुढच्या रविवारी टेकडीवर गेले तेव्हा राजीनामा फोनमध्येच होता. उताराची माती अजून निसरडी. अर्ध्या वाटेत माझा गुडघा अडला आणि मी कॅनसकट उभी राहिले. माणसं शेजारून चढून गेली, प्रत्येकाला आपलं झाड गाठायचं होतं. मागून कुलकर्णी आले. आम्ही दोन महिने बोललो नव्हतो.

"काठी कुठे?" त्यांनी विचारलं.

"तारण ठेवली. बाळापूरला."

ते थांबले. मग इंजिनिअरला शोभेल अशा काळजीने त्यांनी पाय नीट रोवला आणि हात पुढे केला. मी तो धरला. गत्यंतरच नव्हतं. वर पोचेपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं: चिठ्ठ्या, पुरणयंत्रं, आणि आपल्या शेतात आपण फूल न तोडायचा नियम. बुधवारच्या जादा कॅनचंही सांगितलं. त्यांनी आधी बहाव्याकडे पाहिलं, मग आपल्या आईच्या वडाकडे.

"म्हणजे मी तुमच्या बहाव्याला पाणी घालायचं आणि तुम्ही माझ्या आईच्या वडाला?"

"हो. सगळ्यांनी असंच. चिठ्ठ्या टाकून."

"आईच्या वडाला तीन कॅन लागतात," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणाले. "बुधवारी तुम्हीही येत होतात. माती ओली दिसायची मला."

कुलकर्णींनी माझा हात सोडला, माझा कॅन उचलला, आणि बहाव्याच्या दिशेने चालू लागले.